कढी घरून आणजा

कढी बंद करून दुकान वाचवणारी बाई आज सकाळी गेली.

आमच्या सुमनकाकू. पुरानी बस्तीतलं त्यांचं सांबारवडीचं दुकान ज्याला माहीत नाही, तो रायपूरचा नाहीच!

(सांबार म्हणजे आम्हा विदर्भातल्यांची कोथिंबीर. इडलीवालं मनातून काढा.)

मी लग्न होऊन यवतमाळहून इथे आले, तेव्हा छत्तीसगड नवीन झालं होतं. रायपूर राजधानी झाली म्हणून सगळ्या पाऱ्याने, म्हणजे आमच्या मोहल्ल्याने, पेढे खाल्ले.

मग राजधानी अंगावर आली.

दुकानाचं भाडं वाढलं. टॅक्स वाढला. तेल, सिलिंडर, सांबार, सगळंच चढलं. काकूंच्या आजूबाजूची दुकानं एकेक करून शटर पाडायला लागली.

त्यांचा मुलगा विनोद. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देणार. तो म्हणाला, "आई, वडी का साइज छोटा कर दो ना. किसको पता चलेगा?"

"मले पता चलते."

"तो रेट बढ़ाओ."

"इथं हमाल खाते, रिक्षावाले खाते. त्यायनं काय फक्त वास घ्यावा?"

"फिर दुकान बंद होगी, आई."

काकू रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी त्यांनी वडीसोबत फुकट मिळणाऱ्या कढीचं मोठं पातेलं घासूनपुसून माळ्यावर टाकलं. दही वाचलं. दिवसभर कढी गरम ठेवायला लागणारा गॅसही वाचला.

पहिलं गिऱ्हाईक किंचाळलं, "काकू, कढीशिवाय वडी?"

"कढी घरून आणजा!"

आम्हाला वाटलं, संपलं दुकान.

अहो कसलं काय! दुसऱ्या दिवशी रेल्वेतले एक काका खरंच डबा घेऊन हजर. मग बँकेतल्या मॅडम थर्मास घेऊन आल्या. मग काय, सगळ्या वस्तीला चेवच चढला. ज्याच्या त्याच्या घरची कढी, आणि परीक्षक एकच.

मीही मोठ्या ऐटीत डबा नेला. काकूंनी एक घोट घेतला आणि भर दुकानात म्हणाल्या, "पोरी, हे कढी होय का ताक तापवलं?"

लाजून मेले मी. दुसऱ्या दिवशी परत नेली.

समोरचे साहू भैया डुबकी कढी घेऊन आले. कढीत उडदाचे गोळे बघून काकूंनी तोंड वाकडं केलं. मग चाखली. मग वाटीच आपल्याकडे ओढली.

"कैसी है, काकी?"

"हव. बनते."

लोक कढी चाखवायला यायचे आणि दोन वड्या जास्त खाऊन जायचे. दुकान टिकलं. भाडं पुन्हा वाढलं, टॅक्सची नवीन नवीन नावं आली, तरी टिकलं. वडी तळहाताएवढी होती, तेवढीच राहिली.

आज त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती. अशा वेळी शेजारून जेवण येतं, आपली रीतच आहे. कोणी कोणाला फोन केला नाही.

दुपारी पहिला डबा उघडला. कढी.

दुसरा उघडला. कढी.

साहू भैयांचं पातेलं आलं. डुबकी कढी!

माझा डबा मी पदराआड लपवला. भात एकानेही आणला नव्हता.

विनोद त्या डब्यांकडे बघत राहिला. मग त्याने एक घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्याच्या तोंडून काकूंची मराठी ऐकली.

"फोडणी काहून नाही देली?"

दुःखाच्या घरी न्यायच्या जेवणाला फोडणी देत नाहीत, हे काकूंना तरी कुठे पटलं असतं! सगळं घर हसलं. हसता हसता विनोद रडला, मग आम्ही सगळेच रडलो.

डोळे पुसून म्हणाला, "तेरवी के बाद दुकान खोलूँगा."

मी विचारलं, "अन् वडी?"

"उतनीच बड़ी."

"अन् कढी?"

त्याने उत्तर द्यायच्या आत अख्खी खोली ओरडली, "घरून!"

काकू, निघा आता निवांत. तुमच्या पोरीचा मनापासून नमस्कार.