लंडनचा नंबर

लंडनच्या मॅरेथॉनच्या सोडतीत आमच्या शिरोड्याच्या पोस्टातल्या कारकुनाचा नंबर लागला. त्याने देवळात नारळ ठेवून स्वतःसाठी गाऱ्हाणे घातले म्हणून तो लागला, असे गाव सांगते. गाव चुकते आहे.

सकाळी आम्ही दोघे किनाऱ्यावर धावतो. तो तिशीतला, मी एकाहत्तर वर्षांचा. तरी तो हटकून माझ्या अर्धे पाऊल मागे राहतो आणि माझ्या प्रत्येक मताला ‘बरोबर, काका’ म्हणतो. हे मला असह्य होते. माझा अर्ज पाचव्यांदा नाकारला गेला, त्याचा पहिल्याच खेपेला स्वीकारला गेला. मला त्याचा हेवा वाटतो आणि तो मी लपवीत नाही.

‘तुमचोच नंबर लागाक व्हयो होतो, काका,’ तो वाळूकडे पाहत म्हणाला.

‘मग दी माका!’

‘दिलो असतो, काका. पण नंबर दुसऱ्याक देवक गावणा नाय, तसो नियमच आसा.’

त्या नारळाचे खरे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी माझा नारळ घेऊन मी देवळात खांबाआड उभा होतो. गुरवाने त्याला विचारले, ‘नाव कोणाचा घेव रे?’ त्याने माझे नाव सांगितले. तो गेल्यावर मी पुढे झालो आणि गुरवाला पुन्हा तेच नाव सांगितले.