लोकांचा वॉर्डन

पाद्रीसाहेबांनी रूबेनबाबांना फसवलं आणि रूबेनबाबांनी मला. पहिल्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्यापुढे मात्र माझी मान आजही खाली जाते.

रूबेनबाबा अकोल्यात कापसाच्या जिनात फिटर होते. रविवारी नखांतलं काळं तेल रॉकेलने घासून काढत आणि आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दारात वॉर्डनची पितळी टोकाची काठी घेऊन उभे राहत. आमच्या देवळाला दोन वॉर्डन. एक पाद्रीसाहेब नेमत, दुसरा ईस्टरनंतरच्या सभेत मंडळी हात वर करून निवडत. बाबा अकरा वर्षं मंडळीने निवडलेले वॉर्डन. एकदा डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले एक साहेब उशिरा आले आणि पुढच्या बाकावरच्या हमालाला उठवू लागले. बाबांनी काठी आडवी धरली. "साहेब, मांगं जागा हाये. इथं अगोदर आला तो बसते." पाद्रीसाहेब नंतर रागावले, तर म्हणाले, "तुमाले बिशपसाहेबानं पाठवलं, मले या लोकायनं उभं केलं. त्यायले काय सांगू मी?"

असा माणूस अडचणीचा होणारच. कबरस्तानाला लागून मोकळं आवार होतं. ते एका जिनमालकाला कापसाच्या गाड्या उभ्या करायला द्यायचं पाद्रीसाहेबांच्या मनात होतं. कागदावर दोन्ही वॉर्डनांची सही लागे, आणि बाबा सही करेनात. "पुढं आपल्याच लोकायले तिथं निजा लागंल," एवढंच म्हणत.

त्या वर्षी पाद्रीसाहेबांनी वार बदलला. ते अमरावतीला राहत आणि दोन महिन्यांतून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला अकोल्याला येत. रविवारऐवजी ते मंगळवारी सकाळी येऊ लागले. त्या वेळी आमची अर्धी मंडळी जिनात, मी लाकूडव्यापारी, म्हणून लिलावात. आणि नियम असा, की वर्षात तीनदा प्रभुभोजन घेतलं तरच सभेत मत. बाबांनी विचारलं तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले, "कुणाचंही मत जाणार नाही. माझा शब्द आहे." मी तोंडी शब्दावर बाभळीची फांदीसुद्धा घेत नाही. बाबांनी घेतला. मला म्हणाले, "सगळ्यायले घेऊन ये, दाविदा. सगळ्यायचं मत हाये." मी आठवडाभर घरोघर फिरलो, दोघातिघांच्या पायाही पडलो, आणि तीस माणसं सभेला आणली.

सभेत पाद्रीसाहेब म्हणाले, "यादी नियमाप्रमाणे वाचा." बाबांनी शब्दाची आठवण करून दिली. "नियमापुढे माझा शब्द तो काय?" असं म्हणून साहेब चष्मा पुसू लागले.

यादी बाबांच्याच हातात होती. हजेरीच्या खुणाही तेच करत; त्यासाठी मंगळवारी जिनात खाडा करून येत. मी कानाशी लागलो, "बाबा, ओढा हजेरीच्या दोन-चार रेघा. कोन पाहते?"

"काहून रे? तुह्या लाकडाचा बाजार वाटला काय हा?"

बाबा उठले आणि मत नसलेल्यांची नावं वाचू लागले. पहिलं स्वतःच्या मुलाचं, दुसरं माझं. आवाज एकदाही हलला नाही. एकोणीस माणसं भिंतीकडे सरकली. बाबा चार हातांनी हरले.

बाहेर आल्यावर मी ओरडलो, "फसवलं तुमी आमाले! एवढ्या रेघा ओढल्या असत्या तं आवार वाचलं असतं!"

"अन् मंग मी कोनाचा वॉर्डन झालो असतो? नियम वाईट हाये तं सभेत बदलू. चोरून नाही."

मी जगात कोणाशीही भाव करू शकतो. त्या दिवशी मात्र भाव सोडून, आणलेल्या माणसांना घरी पोचवायला निघालो.

नव्या वॉर्डनने आठवडाभरात सही केली. आवारात आता गाड्या उभ्या असतात. बाबांनी पुढची तीन वर्षं सभेत मागच्या बाकावरून तोच अर्ज मांडला: प्रभुभोजन रविवारी व्हावं. तिन्ही वेळा पाद्रीसाहेबांनी तो कागदांखाली सरकवला. मग बाबा गेले.

पाद्रीसाहेब आता नागपुरास मोठ्या जागेवर आहेत. येत्या ईस्टरनंतरच्या सभेला त्यांनी अकोल्यात यावं. आमच्या एकोणीस जणांसमोर उभं राहावं, आणि सांगावं: मंगळवारच का?