दगडावरचा शेंदूर

पोरगं इथल्याच लष्करी अकादमीत शिकून साहेब झालं आणि सीमेवर गेलं ते गेलंच. आत स्मारकाच्या काळ्या दगडावर त्याचं नाव कोरलंय. वर्षातून एक दिवस घरच्यांना आत सोडतात. बँड वाजतो, हार वाहतात, मग चहा-बिस्किट.

गेल्या वर्षी बायकोनं त्या नावाला कुंकू लावलं. चिमूटभर, कोरडं. तिथली देखभाल बघणारा निवृत्त हवालदार आहे, बेळगावकडचा, आपलीच भाषा बोलणारा. तो धावत आला. "अक्का, हे काय देऊळ हाय?" म्हणाला आणि तिच्या देखत फडक्यानं पुसून टाकलं. हसत पुसलं. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोराचं कपाळ पुसलं त्यानं." नंतर तिनं जेवण तोडलं. उन्हाळ्यात गेली. डॉक्टरनं हृदय सांगितलं. मी त्या फडक्याचंच नाव घेतो.

कोरडं कुंकू पुसलं जातं. तेलात कालवलेला शेंदूर जात नाही, कुठलाही मारुती बघा. यंदा इथल्या, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात जाऊन शेंदूर घेतला. दुकानदार म्हणाला, "स्वल्प बस ना अण्णा?" म्हटलं, थोडा नको, भरपूर दे. घरी तिळाच्या तेलात कालवला. तिच्या करंड्यात उरलेलं कुंकूही त्यातच ओतलं.

त्या दिवशी गेटवर जवानानं शेंदराची डबी हातात घेतली. "क्या है?"

"बायको का दवा है," म्हटलं. सोडलं त्यानं.

हार वाहून झाले, लोक चहाकडे वळले. मी अख्खा तळहात शेंदरानं भरला आणि नावावर फिरवला, अक्षरांच्या खाचांत दाबून दाबून. हवालदार आलाच फडकं घेऊन. मी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"अण्णा, काय केलासा हे?"

"पूस की. सवय आहे तुला."

तो पुसायला लागला. जेवढं पुसलं तेवढं पसरलं. वरचं नाव लाल, खालचं लाल, त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही लाल. खालच्या नावाची आई कप घेऊन आली. आपल्या पोराच्या नावाकडे बघत उभी राहिली.

"बिडी," ती कानडीत हवालदाराला म्हणाली. म्हणजे राहू द्या.

त्याचा हात थांबला नाही. "साहेब माझी नोकरी खातील, अण्णा," मला म्हणाला. आवाज रडका झाला होता.

"खाऊ देत."

मी चहाचा कप घेऊन समोर खुर्ची ओढून बसलो. तो घासत होता तोवर बघत बसलो. चहा गार झाला होता. तरी सगळा प्यालो.