पश्चिमेच्या भिंतीजवळचं टेबल

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, नाही, आणि हे लिहूनही बसणार नाही. झालं ते सांगते, एवढंच.

२००७-०८ चा सुमार. गोंदियातलं आमचं धान खरेदी संस्थेचं ऑफिस. वर पत्रे, पश्चिमेची भिंत मे महिन्यात हात लावू देत नसे. अख्ख्या हॉलला एकच कूलर. तो कुणाकडे वळवायचा ते हेडक्लार्क बिसेनबाई ठरवायच्या... ज्याला त्रास जास्त, त्याच्याकडे. साहेबांनाही सूट नाही! कूलरच्या ताट्या वाळ्याच्याच लागायच्या. कुणी खिडकी लावली की ओरडायच्या, "काऊन वो, हवा जायले जागा नको? कूलर लावून वाफ खाऊन राहिल्या का?" बाईंइतकं नीट ऑफिस सांभाळणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

हिवाळ्यात बाई वारल्या. मे लागताच साहेबांनी वाळ्याऐवजी साध्या गवताच्या ताट्या बसवून कूलर केबिनमध्ये नेला. आमची टायपिस्ट संगीता तेव्हा सात महिन्यांची गरोदर. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. आणि कॉम्प्युटरचा पॉइंट नेमका पश्चिमेच्या भिंतीला. मी साहेबांशी भांडले.

"मॅडम, गर्मी मेरे को भी लगती है," म्हणाले.

एका दुपारी लाइन गेली. संगीता पांढरीफटक पडली. "मॅडम, गरगरून राहिलं..." मी माठाकडे धावले. पाणी घेऊन आले तर ती डोळे मिटून शांत बसलेली.

"कूलर कोनं लावला, मॅडम? बरं वाटून राहिलं."

लाइन आलेलीच नव्हती. पण तिच्या टेबलावरचे कागद फडफडत होते. मी हात पुढे केला — गार हवा, ओल्या वाळ्याचा वास. एक पाऊल मागे सरले — भट्टी. पुन्हा पुढे — गार.

"साहेब, इकडे या आधी!"

ते घामाने निथळत आले, टेबलापाशी उभे राहिले. "ये तो बाई का..." एवढंच बोलले. लाइन आल्यावर स्वतः कूलर ढकलत हॉलमध्ये आणला आणि संगीताकडे वळवला.

माझा भाचा इंजिनीअर आहे. "आत्या, खिडकीतून झोत आला असेल," म्हणाला. मे महिन्यात, भर दुपारी, गार? त्यावर त्याने जेवायला वाढ म्हटलं.

संगीताला मुलगी झाली, चांगली धडधाकट. त्या दुपारचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. साहेबांनी मात्र बदली होईपर्यंत कूलर परत मागितला नाही.