सरसाचा डाग

बारकीचं डोकं फिरायला फार मोठं कारण लागत नसे, पण त्या दिवशीचं कारण अगदीच तिळाएवढं होतं. बाहुलीघरातलं कपाट. उंची तळहाताएवढी, दोन दारं, खाली दोन खण. त्यावर तिने पातळ तपकिरी पॉलिशचा पहिला हात फिरवला आणि दाराच्या कोपऱ्यात एक पांढुरका ठिपका उमटला. मग बिजागरीपाशी दुसरा. खणाच्या कडेने तर बोट ओढल्यासारखा अख्खा फराटा.

"दादा!" असं ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बारकी ही नावालाच बारकी. साठीला टेकलेली, अंगाने चांगली भरलेली. ती जिना चढली की पायऱ्या कुरकुरायच्या. दादा तिचा थोरला भाऊ, जातिवंत सुतार. मोठी कपाटं करता करता कंबर गेली तेव्हा त्याने छोटी करायला घेतली, आणि नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या बहिणीला घरी आणून रंगकामाला बसवलं. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली दोन टेबलं होती. एका टेबलावर तो कापायचा, घासायचा, चिकटवायचा. दुसऱ्यावर ती पॉलिश करायची आणि चिमट्याने इवल्या इवल्या मुठी बसवायची. माल एका खेळण्यांच्या दुकानात जाई.

यातली गोम अशी की चिकटवायचा सरस वाळला की कोऱ्या लाकडावर दिसत नाही. लाकूड कसं, धुतल्या तांदळासारखं! पण पॉलिश लावा, की जिथे सरस सांडलाय तिथे लाकूड रंग पीतच नाही. म्हणजे चूक सुताराची आणि ती उघडी पडणार पॉलिशवालीच्या टेबलावर. म्हणून बारकीचं पहिल्यापासून एकच टुमणं: "दादा, मला सुटे भाग दे. आधी पॉलिश करते, मग तू चिकटव." आणि दादाचं पहिल्यापासून एकच उत्तर: "सुट्या फळ्यांना कपाट म्हणत नाहीत. काटकोन बसला की नाही ते चिकटवल्यावरच कळतं. आणि माझा सरस सांडत नाही."

खरंच सांडत नसे, हेच तर दुखणं. दातकोरण्याच्या टोकावर थेंब घ्यायचा, फळीच्या कडेला लावायचा, बाहेर आलं तेवढं ओल्या फडक्याने टिपायचं. वर्षानुवर्षं डाग म्हणून नाही. वर ऐट बघा: "ज्या दिवशी माझ्या कामावर डाग निघेल, त्या दिवशी करवत खुंटीला टांगीन." आणि हा बोलल्यासारखं करणारा माणूस. एकदा वहिनीच्या हातून चहात साखर जास्त पडली तर याने चहा सोडला, तो कायमचा.

आणि आता काही महिने डाग निघत होते. दादा फळी नाकाला लावून बघायचा, भर दुपारी दिवा लावायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पुन्हा खाली ओढायचा. "मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही," वहिनी म्हणे. पण डोळ्यांचं नाव काढलं की तो उखडे. "मला सगळं दिसतं! त्या पडद्यावरची फुलं मोजून दाखवू?" पडद्यावर फुलं नव्हती, पट्टे होते. खरी गोष्ट वेगळीच होती. जन्मभर हत्यारं चालवलेल्या या माणसाला आपल्या डोळ्याला हत्यार लागणार याची भीती वाटत होती.

मग बारकीने काय करावं? रंग आणला. घट्ट, झाकणारा रंग. लाकडाच्या रेषा झाकणं हे पाप, असं आयुष्यभर सांगत आलेल्या बाईने घरात जाहीर केलं की हल्ली गिऱ्हाइकांना रंगीतच आवडतं. आणि पांढऱ्या खुर्च्या, निळी टेबलं, पिस्त्याच्या रंगाची कपाटं करायला घेतली. डाग झाकले गेले. पण रंगाला जाडी असते. मोठ्या कपाटाला ती कळत नाही, या एवढ्याशा खणाला मात्र दोन हात दिले की तो अडकून बसतो. दारं मिटेनात. बारकी बसली खणांच्या बाजू पॉलिशपेपरने घासत, आणि शेजारच्या टेबलावर दादाची टकळी सुरू: "माझे खण लोण्यातून सुरी जावी तसे सरकायचे. वाट लावलीस, बारके. चांगल्या लाकडाची वाट लावलीस."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि संन्याशाने तोंड उघडायचीही सोय नाही.

त्यात दुकानवालीने पॉलिशचं कपाट मागितलं. दादाने बहिणीला न विचारता परस्पर शब्द दिला. "रेषा न् रेषा दिसेल," असंही वर सांगून ठेवलं. तेच हे डागाळलेलं कपाट. बारकीने ते खोक्यात घातलं, खोकं फळीवर मागे सरकवलं आणि पॉलिश वाळतंय म्हणून थाप मारली.

दोन दिवसांनी दुकानवाली चौकशीला आली. बारकी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली होती. परत येताना दाराशी तिला दादाचा हलका आवाज ऐकू आला.

"उशीर होतोय, पण तिला काही बोलू नका हं. आमच्या बारकीला आताशा दिसत नाही. पॉलिश जमत नाही, म्हणून रंग फासते. मी आपला गप्प बसतो. कामात जीव आहे तिचा. सांगितलं तर हाय खाईल."

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतावं असं तिला मनापासून वाटलं. मला दिसत नाही? मला? आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्यासाठी जे करतोय नेमकं तेच हा आपल्यासाठी करतोय. तिचे डोळे भरून आले. याचाही तिला राग आला.

पाहुणी गेल्यावर ती म्हणाली, "दादा, मला हल्ली नीट दिसत नाही रे."

दादाचा चेहरा असा काही उजळला! "मी कधीच ओळखलं होतं."

"डॉक्टरांकडे जायचंय. पण एकटीला भीती वाटते."

"हात् वेडे! भ्यायचं काय त्यात? मी येतो ना."

आत वहिनी तोंडात पदर कोंबून उभी होती.

वाटभर दादाने धीर कसा धरावा यावर प्रवचन दिलं. डॉक्टरांनी बारकीचे डोळे तपासले आणि ठणठणीत म्हणून सांगितलं. मग ते दादाकडे वळले, "आता आलाच आहात तर तुमचेही बघू." एवढं प्रवचन दिल्यावर नाही कसं म्हणणार? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला.

"तू मुद्दाम आणलंस मला," दादा दात खाऊन म्हणाला.

"हात् वेड्या! भ्यायचं काय त्यात?" बारकी म्हणाली.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली तशी दादाने मागच्या खोलीची वाट धरली. दवाखान्याच्या धावपळीत बारकी त्या खोक्याला साफ विसरली होती. आठवलं तेव्हा ती धावतच गेली, पण उशीर झाला होता. दादा खिडकीपाशी बसला होता आणि तळहातावर ते कपाट होतं. तो ते हळूहळू फिरवून बघत होता. मग त्याने निळं टेबल उचललं, उलटं केलं आणि रंगाखालच्या सरसाच्या गाठीवर नख घासलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"कुठे काय?"

"बारके."

"रंग आणला तेव्हापासून," ती म्हणाली.

दादाने कपाट आणि टेबल शेजारी शेजारी मांडून ठेवलं आणि तो उठून गेला. रात्री अर्ध्या भाकरीवरूनच उठला. बारकीने वहिनीने केलेल्या भाजीला नावं ठेवली, दार आपटलं, आणि अंथरुणात पडून स्वतःला शिव्या घातल्या. एक खोकं जाळता आलं नाही तुला?

सकाळी खोलीत पाय टाकताच तिने आधी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. दादा पाठमोरा बसून करवतीच्या दातांवर कानस फिरवत होता. आणि तिच्या टेबलावर, ताटात, नवं कपाट मांडलेलं होतं: बाजू, पाठ, दारं, खणांच्या फळ्या, सगळं घासूनपुसून, सगळं सुटं. सरसाचं बोटही लागलेलं नव्हतं.

"आधी पॉलिश कर," तो मागे न वळता म्हणाला. "मग मी चिकटवतो."

बारकीने एक फळी उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. पण गप्प बसली तर ती बारकी कसली. "सुट्या फळ्यांना कपाट म्हणत नाहीत ना?"

"नाहीच म्हणत. म्हणून नीट कर. आणि त्या निळ्या टेबलावर तुझ्या ब्रशचा केस चिकटलाय. ते डॉक्टर काही खरे नाहीत, दुसरीकडे दाखव डोळे."

ती तणतणत उठली आणि टेबल घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरलं, तिरकं केलं, पुन्हा धरलं.

होता मेला. खरंच होता.