शनिवारचे चणे

मुलुंडच्या डोंगराखाली एक संशोधन संस्था होती. सत्तरचं दशक सुरू होताना मी तिथल्या माकडघरात मदतनीस म्हणून लागलो. नोकरी अजून कायम व्हायची होती. माकडं लहान चणीची, लाल तोंडाची. घाबरल्यावर मेंदूत आणि हृदयात काय बदल होतात, हे आमचे डॉक्टर तपासत. त्यासाठी कवटीत बारीक तारा बसवायच्या आणि यंत्राला जोडायच्या. मग सरकत्या कागदावर लेखण्या रेघा काढत. मला त्या यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचीच धास्ती वाटे.

शनिवारी पिंजऱ्यांना हात लावण्याआधी आम्ही कामगार प्रत्येक माकडाला गूळ-चणे द्यायचो. मारुतीचा वार. डॉक्टर चालवून घेत, कारण शनिवारी ऑपरेशन नसेच. त्या आठवड्यात मात्र शुक्रवारी वीज गेली आणि एका माकडिणीचं ऑपरेशन शनिवारवर गेलं. भूल द्यायची असल्यामुळे तिला काही खायला द्यायचं नाही, असं मला बजावलं होतं.

सकाळी पिंजऱ्याशी गेलो. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. माझ्याबरोबर एक म्हातारा मालवणी कामगार असे, त्याला सगळे मामा म्हणत. तो म्हणाला, "शनवारी मारुतीक उपाशी ठेवतलंस? बायल पोटुशी आसा मां तुझी?"

थट्टाच असेल. तरीही मी मूठभर चणे आत सरकवले. तिने ते भराभर तोंडात कोंबले.

ऑपरेशनच्या टेबलाशी मी तिचे हात धरून उभा राहिलो. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते आणि जनावर गुदमरतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर ती माझ्याच हातात मरणार. आणि शनिवारी तिला मारल्याचं पाप घरी कुणाला भोवेल, हा विचार डोक्यातून जाईना. तिची मनगटं माझ्या बोटांएवढीच जाड होती. सुई तिच्या मांडीपर्यंत आली.

"साहेब, तिने खाल्लंय."

"कोणी दिलं?"

"मी."

त्यांनी सुई बाजूला ठेवली. तिच्या गालात बोट घालून साठवलेले चणे काढले, टेबलावर ठेवले. ओरडले नाहीत. "मारुतीला घाबरलास, मला नाही," म्हणाले. "सोमवारी करू. रविवारी तू ये आणि तूच तिला उपाशी ठेव."

रविवारी संध्याकाळी मी तिच्यापुढची वाटी काढून घेतली. ती गज हलवत राहिली. मी पाठ करून बसलो. सोमवारी तिचे हात पुन्हा मीच धरले. ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. तरीही मी रात्री दचकून उठायचो.

जखम भरल्यावर तिच्या तारा यंत्राला जोडल्या. डॉक्टरांनी आम्हाला एकेकाला आत पाठवलं. मामा गेला, रेघा संथ राहिल्या. मग मी दारात उभा राहिलो आणि सगळ्या लेखण्या खडखडत उसळल्या. ती ओरडली नाही, हललीही नाही. नुसती माझ्या हातांकडे बघत होती.

"छान," डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले. "आता रोज याच वेळी येत जा."

मी जात राहिलो. त्याच कामावर माझी नोकरी कायम झाली.