व्याह्यांना दिलेली बंदूक

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस उभ्या बव्हेरियात झाला नसेल. इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची तीस वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर तपासायला उरले सगळे जग. व्हर्नियर कॅलिपर कायम सदऱ्याच्या खिशात. माझ्या मुलीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, सासरी पहिल्यांदा पोळ्या केल्या तेव्हा त्यांनी एकीची जाडी तीन ठिकाणी मोजली आणि "गेनाऊ! अगदी अचूक!" म्हणत उभे राहून टाळ्या वाजवल्या. बेकरीत पाव बोटाने ठोकून ते आवाज ऐकत. मागची रांग ताटकळत राही. रविवारी मात्र हा मूळचा साताऱ्याचा माणूस नेपोलियनच्या काळातला बव्हेरियन शिपाई होई. निळा कोट, उंच टोपी, हौशी मंडळींच्या खोट्या लढाया. "अहो, आज दोनदा मेलो, भूक लागलीय," असे सांगत संध्याकाळी घरी येत.

गटातल्या बंदुका म्हणजे जुन्या बंदुकांच्या नव्या नकला, आणि बहुतेक वाईट. एखादीचे पोलाद इतके मऊ की ठिणगीच पडेना, एखादीचा घोडा अर्ध्यावरच सुटे. व्याह्यांनी हो म्हटल्याशिवाय मैदानात कुणी बंदूक उचलत नसे. "यांच्या हाती दिलं तर शत्रू येण्याआधीच आपण निःशस्त्र," असे गटप्रमुख म्हणायचा.

२०१५च्या अधिक महिन्यात मी जावयाला चांदीचे ताट दिले आणि व्याह्यांसाठी भारतातल्या एका छोट्या कारखान्यातून हौसेने बंदूक मागवली. त्यांनी नळीत दिवा सोडून बराच वेळ पाहिले.

"आत उभा सांधा दिसतोय. बाकाला बांधू, दुप्पट बारूद भरू, लांबून दोरी ओढू. टिकली तर वापरू."

मला ते लागले. "मुलीकडच्यांची वस्तू म्हणून बांधून उडवायची का?" मी सगळ्यांदेखत विचारले. मुलगी मान खाली घालून उभी राहिली. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिले आणि दिवा बंद केला.

"छे हो! उत्तम आहे."

दुसऱ्या कुणाला मात्र त्यांनी त्या बंदुकीला हात लावू दिला नाही.

त्या रविवारी तिसऱ्या बाराला नळी फाटली. डाव्या हाताची तीन बोटे गेली, एक डोळा गेला. गटप्रमुख धावत आला तेव्हा स्ट्रेचरवरूनच ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की, बारूद जास्त भरली. माझी चूक." मी शेजारी उभा होतो. बारुदीच्या पुड्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बांधल्या होत्या. एकेक पुडी त्यांनी दोनदा तोलली होती. मी बोललो नाही.

गटाने तपासणीचे काम त्यांच्याकडून काढून घेतले. घरीही ते पानात पडेल ती पोळी मुकाट्याने खाऊ लागले. एकदा मी विषय काढला. "अहो, सून आत आहे," ते म्हणाले, "हळू बोला."

मागच्या हिवाळ्यात ते गेले. निरोपाला गटातली माणसे गणवेशात आली होती. "भला माणूस, पण त्या दिवशी निष्काळजीपणा नडला," असे त्यांच्यातला एकजण म्हणाला. जावयाने मान डोलावली.

त्या लोकांना पत्र लिहायचे आहे. जर्मन मला ऐकून कळते, पण लिहिता येत नाही, म्हणून काल सगळे मराठीत लिहिले आणि कागद मुलीपुढे ठेवला.

"एवढं जर्मनमध्ये करून दे."

"काय आहे, बाबा?" चष्मा शोधत तिने विचारले.

"आधी बस," मी म्हणालो.